दोन बोटं पुढं

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडं बघतो. बापू गुडघ्याकडं बघतात. सिग्नलला शेजारी कुणी मोटरसायकलवाला येऊन थांबला, की बापूंची नजर त्याच्या बुटावर पडते, तिथून चढत चढत मांडीपर्यंत जाते, कमरेला वळसा घालून मनगटावर येते आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत निकाल लागतो : "पाहुणं, फुटरेस्ट दोन बोटं पुढं पायजे तुमचा." पाहुण्याला वाटतं, आपल्या गाडीचं काही तरी लोंबतंय. तो खाली वाकून बघेपर्यंत बापू दसरा चौक ओलांडून गेलेले असतात.

बापूंचं खरं नाव आता रेशनकार्डापुरतं उरलंय. आमच्या गल्लीत येऊन तुम्ही ते नाव विचारलंत तर कुणी सांगणार नाही. 'दोनबोटे बापू' म्हणालात तर पानपट्टीवाला पान लावता लावता हनुवटीनं घर दाखवेल. घराची खूण सोपी आहे. दारात मेन स्टँडवर बुलेट, बुलेटशेजारी पाटाएवढं स्टूल, स्टुलावर बापू आणि बापूंच्या गुडघ्यांवर कोनमापक. हो, शाळेतल्या कंपासपेटीतला, अर्धगोल, पारदर्शक. फक्त तो भूमितीच्या वहीवर न ठेवता लेंग्यावर ठेवलेला.

या वेडाला कारण आहे. बापू पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेले कालवे शाईनं गिरवायचे, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. "मास्तर," ते मला सांगतात, "दहा हजाराच्या नकाशावर पेन एक मिलिमीटर सरकलं, की जमिनीवर कालवा दहा मीटर सरकतो. दुसऱ्याच्या उसातनं जातो. एका मिलिमीटरपायी भावाभावांत कोर्ट लागतं." अशा माणसाला एक बुलेट, पान्यांचा जोड आणि सगळे रविवार मिळाले, तर आणखी काय होणार?

माप मात्र ते बोटांतच सांगतात. खात्यात मिलिमीटरमध्ये जगलो, घरात बोटांत जगणार, असा त्यांचा बाणा आहे. शिवाय इंच काय, सेंटिमीटर काय, ते माणसाच्या अंगावर नसतात. बोटं असतात. बापूंची बोटं मात्र पैलवानाची आहेत. त्यांची दोन म्हणजे आमची तीन.

बापूंचा सिद्धांत गल्लीतल्या पोरांना बे एके बेसारखा पाठ आहे. गाडीवर माणूस तीन ठिकाणी टेकतो : बूड, हात आणि पाय. या तीन ठिपक्यांचा त्रिकोण म्हणजे बैठक. यातला एक ठिपका हलवला की दुसरे दोन बोंबलतात. फुटरेस्ट वर घेतला की गुडघा मुडपतो आणि तासाभरात मांडी बधिर होते. मागं नेला की अंग पुढं झुकतं आणि भार मनगटावर येतो. पुढं नेला की पाय ऐटीत पसरतात, पण सगळं वजन माकडहाडावर बसतं.

"वजन हे देणं आहे, मास्तर," बापू कोनमापक पुसत म्हणतात. "पायानं नाही दिलं तर मनगट देणार. मनगटानं नाही दिलं तर माकडहाड देणार."

"आणि तिघांनीही नाही दिलं तर?"

"जाईल कुठं? कुणाला तरी द्यावंच लागतं."

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेलं. ते कुणाला लागू होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि बापूंना त्याहून जास्त.

बापूंची पहिली गाडी येझदी. म्हैसूरच्या कारखान्यातली, दोन सायलेन्सरची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिची गिअरची दांडी आणि किकची दांडी एकच होती. तीच दांडी फिरवून उभी केली की किक, चालू झाल्यावर खाली पाडली की गिअर. बापू आजही ते सांगताना हळवे होतात. "एका दांडीत दोन कामं. आमच्या खात्यात दोन माणसांत एक काम होत नव्हतं."

मग ८९ साली बुलेट आली. येझदीचा गिअर डाव्या पायाला होता, बुलेटचा उजव्या. ब्रेक डावीकडं. शिवाय गिअर एक वर, तीन खाली. बापू म्हणतात, अर्ध्या जगानं दाराच्या कड्या बदलल्या तरी आमच्या बुलेटनं आपली कडी बदलली नाही. ते खरंच आहे. ज्या इंग्लंडमधून बुलेट आली, तिथल्या गाड्यांचे गिअर पूर्वी उजव्या पायालाच असायचे. अमेरिकेनं १९७४ च्या सप्टेंबरपासून नियम लावला, की गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. गाड्या अमेरिकेत विकायच्या म्हणून इंग्रज कंपन्यांनी मुकाट्यानं पाय बदलले. १९५५ साली मद्रासेत उभ्या राहिलेल्या कारखान्याला मात्र अमेरिकेशी काय घेणं? आमची बुलेट पुढं कित्येक वर्षं उजव्या पायानंच गिअर बदलत राहिली. टाचेपाशी एक वेगळा खटका होता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रल. माणसाच्या टाचेचा एवढा विचार त्यानंतर कुणी केला नाही, असं बापूंचं मत आहे.

या उजव्या-डाव्याचा प्रसाद पहिल्यांदा बापूंच्या मेव्हण्याला मिळाला. मेव्हणा जपानी बनावटीच्या शंभर सीसीवर शिकलेला, म्हणजे उजवा पाय ब्रेकचा. बापूंची नजर चुकवून तो बुलेट घेऊन शिरोलीकडं गेला. समोरून बैलगाडी आली. त्यानं उजवा पाय दाबला. बुलेटच्या हिशोबात याचा अर्थ 'वरचा गिअर टाका' असा होतो. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. त्यानं आणखी जोरात दाबला. तिसऱ्यातून चौथ्यात. बैलगाडीवाला शहाणा, त्यानं रस्ता सोडला. बुलेट सरळ उसाच्या फडात. मेव्हण्याला बाहेर काढायला चौघे गेले आणि त्याला शोधायला आणखी दोघे, कारण ऊस तोडणीला आलेला होता. दवाखान्यात बापू त्याच्या उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला एवढंच सांग. दाबलंस ते चवड्यानं का मधल्या पायानं?"

मेव्हणा पुढची चार वर्षं दिवाळीला आला नाही.

त्यानंतर बापूंच्या आयुष्यात आलं मागच्या फुटरेस्टचं पर्व. शर्यतीच्या गाडीवरचा गडी टाकीवर पालथा पडलेला असतो, पाय पार मागं, तो फोटो त्यांनी कुठं तरी बघितला होता. मग उद्यमनगर गाठलं. उद्यमनगर ही आमच्या कोल्हापूरची अशी जागा आहे, की तुटलेला भाग नेऊन दाखवला तर तिथं तसाच दुसरा करून देतात, आणि न तुटलेला नेला तर 'कशाला आणलाईस' असंही विचारत नाहीत. लेथवरच्या मेस्त्रीनं बापूंचं चित्र बघितलं. अनुरेखकाच्या हातचं ते, खालून-वरून-बाजूनं काढलेलं. मेस्त्री म्हणाला, "बापू, एवढी चित्रं तर पंपाच्या ऑर्डरला बी येत न्हाईत. करतो, पर एक सांगतो. गाडी म्हंजे म्हस न्हवं, हितनं सोडली आन् तितं बांधली."

बांधली मात्र. फुटरेस्ट चार बोटं मागं आणि दोन बोटं वर गेले. गिअरची दांडी मागून धरायची म्हणून उलटी बसवावी लागली, त्यामुळं गिअरही उलटे झाले : आता एक खाली, तीन वर. किक मारली की दांडी खाली येताना फुटरेस्टवर आपटायची. म्हणून आधी वाकून फुटरेस्ट दुमडायचा, मग किक, मग वाकून उलगडायचा. एका किकेत बुलेट चालू होत नसे, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बापू गाडीला नमस्कार घालतायत.

तशा अवस्थेत बापू निपाणीला गेले. चाळीस किलोमीटर. तिथं पोचल्यावर हॉटेलात त्यांना चहाचा कप धरता येईना. बोटांना मुंग्या. वेटरनं बशीत ओतून दिला. "मनगटानं देणं फेडलं," बापू म्हणाले, आणि येताना एसटीनं आले. गाडी मेव्हण्यानं आणायची ठरली होती, पण गिअर आता उलटे आहेत हे त्याला कळल्यावर त्यानं फोनच ठेवला.

या सगळ्यात मागं कोण होतं, ते सांगायचं राहिलं. वहिनी होत्या.

वहिनी नऊवारी नेसत नाहीत, पण पाचवारी सोडत नाहीत. त्यामुळं बसणं एकाच बाजूला, डावीकडं पाय सोडून. त्या बाजूला चाकावर साडीची जाळी आणि जाळीच्या खाली पाय टेकायला वीतभर पत्रा. बापू अभिमानानं सांगतात, की ही जाळी ही कुणाची मेहेरबानी नाही. ८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागच्या माणसाला धरायला काही तरी पाहिजे, पाय टेकायला पाहिजे आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं तरी चाक झाकलेलं पाहिजे. नियमात एवढंच आहे. पाय टेकायला 'काही तरी' पाहिजे. ते कुठं पाहिजे, हे वहिनींना कुणी विचारावं असं त्यात नाही.

बापूंनी आपले फुटरेस्ट मागं नेले तेव्हा त्यांची डावी टाच आणि वहिनींची पावलं एकाच मुलखावर हक्क सांगायला लागली. ब्रेक दाबायला चवडा खाली गेला की टाच वर यायची, ती वहिनींच्या अंगठ्यावर.

"अहो, टाच लागतीय."

"होईल सवय."

स्वतःच्या गुडघ्याचा कोन तीन अंशांनी चुकला तर रात्रभर तळमळणारा हा माणूस मागच्या सीटला दोन शब्दांत उत्तर द्यायचा. तेही प्रेमानं द्यायचा, हे विशेष. बापू वाईट नाहीत. त्यांच्या त्रिकोणाला चौथा ठिपका नव्हता, एवढंच.

निपाणीनंतर मागचं पर्व संपलं आणि पोट सुटल्यावर पुढचं सुरू झालं. आता पाय इंजिनाच्या पुढं, हँडल उंच, छाती उघडी, पाठ मागं. अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्त्यांवर असे बसून लोक शेकडो मैल जातात. बापूंनी परत चित्रं काढली, मेस्त्रीनं परत मान हलवली. गाडी तयार झाली आणि बापू आरामखुर्चीत बसल्यासारखे रेलले. रेलायला मागं काय होतं? वहिनी होत्या.

"अहो, जरा पुढं सरका. कॅरिअरची पट्टी टोचतीय."

"होईल सवय."

या बैठकीचा निकाल गगनबावड्याच्या रस्त्यावर लागला. श्रावण होता, पाऊस होता आणि रस्त्यात खड्डे होते असं म्हणण्यापेक्षा खड्ड्यांत मधेमधे रस्ता होता. आता खड्डा आला की शहाणा गाडीवाला काय करतो? वजन पायांवर घेतो, बूड दोन बोटं उचलतो, गुडघे सैल सोडतो. गाडी खालून उड्या मारते, माणूस वर जागच्या जागी. रिकिबीत पाय रोवून उभा राहणारा मावळा दुसरं काय करत होता? पण त्यासाठी रिकीब अंगाच्या खाली पाहिजे. पाय दोन हात पुढं असले तर उठायचं कशावर? खुर्चीत बसून पाय समोरच्या टेबलावर ठेवा आणि मग हात न टेकता उठून बघा. पहिल्या खड्ड्याला बापूंचा मणका कवटीला जाऊन भेटला. दुसऱ्याला चष्मा गेला. तिसऱ्यानंतर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पावसात उभं राहून म्हणाले, "घोडदळानं अटकेपार झेंडा लावला, त्यात रिकिबीचा वाटा किती, हे इतिहासाच्या पुस्तकात द्यायला पायजे. लिहून घ्या, मास्तर."

मी मागून माझ्या गाडीवर होतो. मला दिसलं ते वेगळंच. प्रत्येक खड्ड्याच्या आधी वहिनींचा उजवा हात बापूंच्या खांद्यावर दाबला जायचा आणि त्या चिमूटभर वर उठायच्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, दुसऱ्या हातात छत्री. तरी त्या अलगद उठून अलगद बसायच्या. बापू ज्या रिकिबीसाठी इतकी वर्षं उद्यमनगर पालथं घालत होते, ती वहिनींनी बापूंच्या खांद्यावरच शोधली होती.

आता कुणी म्हणेल, हा नुसताच विक्षिप्त माणूस. तर तसं नाही, आणि तेच त्रासदायक आहे. बापूंचं बरंचसं बरोबर असतं. एका रविवारी त्यांनी माझी गाडी धरली. मी पंधरा वर्षं ती शोरूममधून जशी आली तशीच चालवत होतो. उजवं मनगट दुखायचं, ते मी फळ्यावर लिहिण्याच्या खात्यात टाकलं होतं.

"बसा," बापू म्हणाले. "डोळे मिटा. हात हँडलवर जातील तसे जाऊ द्या. आता बोटं सरळ करा."

मी केली. बोटं हवेत राहिली. ब्रेकची लिव्हर त्यांच्याहून बरीच वर होती.

"बघा. ब्रेक धरायला तुम्ही दर वेळी मनगट मोडून वर नेताय. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ पायजे. मोडली रेघ की दुखलंच." त्यांनी दहाच्या पान्यानं लिव्हरचा बोल्ट सैल केला, लिव्हर खाली फिरवली आणि परत आवळला, पण अगदी करकचून नाही. "हाताला हलणार नाही, पण गाडी पडली तर फिरेल, एवढाच आवळायचा. नाहीतर पडल्यावर लिव्हर तुटते." क्लचच्या लिव्हरला टोकाशी बोट लावून आत येण्याआधीचा मोकळा खेळ तपासला : दहा ते वीस मिलिमीटर. मिलिमीटर हा शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

मग गिअर. दांडीचा बोल्ट त्यांनी नुसता सैल केला नाही, पुरता काढला. "हा बोल्ट शाफ्टच्या खाचेतनं जातो. सैल करून ओढत बसलात तर शंभर वर्षं निघणार नाही. लोक हातोडा मारतात. आडाणी." शाफ्टवर आणि दांडीवर त्यांनी वहिनींच्या शिलाईच्या डब्यातल्या खडूनं एकेक ठिपका काढला, म्हणजे मूळची जागा हरवायला नको. दांडी बाहेर आली. आतल्या बाजूला बारीक दाते, शाफ्टवरही तसेच दाते. "एक दात खाली," ते ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात म्हणाले. ठिपक्याशेजारी ठिपका आला. मी बूट घालून बसलो. इतकी वर्षं गिअर टाकताना मी अख्खा पाय उचलत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता नुसता घोटा हलवला की काम होत होतं.

शेवटी मागचा ब्रेक. पॅडल माझ्या पायाला उंच होतं. ते दोन बोटं खाली घेतलं, रॉडचा नट फिरवून मोकळा खेळ वीस-तीस मिलिमीटरवर आणला. मी गाडी घेऊन निघालो. मनगटात दुखणं नाही, पायाला ओढ नाही. बिंदू चौकापर्यंत मी बापूंना मनातल्या मनात गुरू केलं होतं. तिथं हवालदारानं अडवलं.

"मास्तर, ब्रेक सोडून चालवा की."

"सोडलाय."

"मग मागचा दिवा का पेटलाय सारखा? घरापासनं असाच आलाय काय? मागचे सगळे तुमच्यामुळं थांबत थांबत येत्यात."

पॅडल खाली घेतलं, पण पॅडलला स्प्रिंगनं बांधलेलं ब्रेकच्या दिव्याचं स्विच खाली घ्यायचं राहिलं होतं. स्प्रिंग ताणलेली, दिवा पेटलेला. परत आलो तर बापू हिरमुसले नाहीत, उलट फुलले. "बघा, एक ठिपका हलवला की दुसरा बोंबलतो. सिद्धांत सिद्ध झाला."

माझं मनगट त्यानंतर कधी दुखलं नाही. हे मी लेखी देतो.

बुलेटचं शेवटी काय झालं, तर ती फिरून मूळ पदावर आली. अकरा वर्षं, सात जोड फुटरेस्ट, चार हँडलं आणि मेस्त्रीच्या मुलाचं कॉलेज झाल्यावर बापूंचे फुटरेस्ट कंपनीनं दिलेल्या भोकांत परत गेले. कुणी तरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की ८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. बापूंनी ते कलम स्वतः वाचलं, दोनदा गिरवलं आणि निकाल दिला, की कायदा मूळ रचनेबद्दल बोलतो, दोन बोटांबद्दल बोलत नाही. म्हणून फुटरेस्ट मूळ भोकांत, पण वायसर घालून. दोन बोटं पुढं.

"मग एवढी वर्षं कशासाठी घालवली?" मी विचारलं.

"कंपनीला तिथं बसवायला सोपं पडलं म्हणून तो तिथं होता," बापू म्हणाले. "आता मला तिथं पायजे म्हणून तिथं आहे. फरक आहे, मास्तर." मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? एका जागी तासाभराच्या वर कुणाचाच पाय सुखी नसतो. जागा कितीही मोजून घ्या. पाय इकडचा तिकडं करायला मिळाला, की तेच सुख."

हे त्यांचं सगळ्यात शहाणं वाक्य. ते त्यांनी म्हटलं तेव्हा वहिनी मागं उभ्या होत्या, हातात चहा घेऊन, डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेत.

दोन वर्षांपूर्वी बापूंचा उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला. बापूंनी तो उजेडात धरून त्यावर कोनमापक लावला, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठले. किक बंद, टांग टाकणं बंद, जड गाडी बंद. बुलेट ताडपत्रीखाली गेली. बापू आठ दिवस जेवले नीट, पण बसले नीट नाहीत. सोफ्यावर, खाटेवर, पायरीवर, सगळीकडं काही तरी दोन बोटांनी चुकत होतं.

नवव्या दिवशी वहिनींनी स्कूटर आणली. बिनगिअरची, सपाट पाटाची. आम्हाला वाटलं बापूंसाठी. वहिनी म्हणाल्या, "त्यांना कुठं देता? ते ती पण उद्यमनगरला नेतील." वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पेटाळ्याच्या मैदानावर त्या पंधरा दिवसांत शिकल्या. बापू कडेला उभे राहून सूचना द्यायचे. त्या ऐकायच्या नाहीत. बहुतेक ऐकू येत नव्हत्या, हेल्मेट होतं. एवढ्या वर्षांत बापूंच्या बोलण्यापासून त्यांना पहिल्यांदाच आय.एस.आय. मार्कचं संरक्षण मिळालं होतं.

स्कूटरच्या पाटाबद्दल बापूंना आदर वाटला, हे कबूल केलं पाहिजे. "अंगण आहे हो, अंगण. फुटरेस्टच नाही. पाय पुढं ठेवा, मागं ठेवा, तिरके ठेवा. म्हणजे ज्यानं ही काढली त्याला कळलं होतं." पण ते अंगण त्यांच्या वाट्याला आलं नाही. पाटावर ज्वारीच्या दळणाचा डबा उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंनी वहिनींची पावलं होती, आणि बापूंना जागा होती ती मागं.

गेल्या मंगळवारी रंकाळ्याच्या वळणावर मी त्यांना गाठलं. वहिनी ताठ बसून वीसच्या वेगानं चालल्या होत्या. मागं बापू. मागचा फुटरेस्ट उंच, त्यामुळं गुडघे जवळजवळ कोपरांना टेकलेले. एका हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली. दुसरा हात कुठं ठेवायचा हे ठरत नव्हतं. कॅरिअरवर ठेवला, मांडीवर ठेवला, शेवटी समोर खड्डा दिसल्यावर तो आपोआप वहिनींच्या खांद्यावर गेला आणि बापू चिमूटभर वर उठले. अगदी अलगद नाही जमलं. मेथीची एक काडी पडली.

मी शेजारी आलो, तसे बापू माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर असं काही, की जणू नकाशात एखादा अख्खा तालुकाच काढायचा राहून गेलाय.

"मास्तर, हा कोन बघा. साठाच्या पण खाली असेल. पाय काही देतच नाहीत. हात रिकामा नाही. सगळं वजन इथं..." पिशवीनं त्यांनी कुठं ते दाखवलं. मग पुढं वाकून हेल्मेटच्या कडेपाशी तोंड नेलं. "अगं, ऐकतीयस काय? जरा बाजूला घे. टोचतंय. हा मागचा फुटरेस्ट नुसता दोन बोटं..."

वहिनींनी आरशात बघितलं. इंडिकेटर लावला. वळणावर गाडी सावकाश आत घेतली आणि मान न वळवता म्हणाल्या,

"होईल सवय."